‘काश’ इंग्रजीत कसं म्हणायचं?

‘विश’ हा शब्द आपल्या मुलांना लहानपणापासून माहीत असतो. ईदच्या कार्डावर, वाढदिवसाच्या केकवर तो दिसतो. म्हणून विश म्हणजे शुभेच्छा, एवढाच अर्थ मनात पक्का बसतो. मग नववी-दहावीत ‘माझ्याकडे सायकल असती तर!’ हे इंग्रजीत लिहायला सांगितलं की वहीत ठरलेलं वाक्य येतं : ‘आय विश आय हॅव अ सायकल’. गुण जातात, आणि का गेले ते मुलाला कळत नाही. बरोबर वाक्य आहे ‘आय विश आय हॅड अ सायकल’. सायकल आज नाही, इच्छा आजची आहे, मग ‘हॅड’ हा भूतकाळ कुठून आला?

इथे भूतकाळ वेळ दाखवत नाही, अंतर दाखवतो. जे प्रत्यक्षात नाही ते इंग्रजी एक पायरी मागे ढकलते. हे आपल्याला अगदीच परकं नाही. दुकानात आपण म्हणतो, ‘जरा एक विचारायचं होतं.’ विचारायचं तर आत्ताच असतं, पण ‘होतं’ म्हटलं की बोलणं थोडं लांबून, अदबीनं येतं. मुलांना नियमाआधी हे उदाहरण द्यावं, नियम आपोआप गळी उतरतो.

खरी अडचण पुढे आहे. ‘काश मेरे पास साइकल होती’ हे उर्दू वाक्य आजचं की दहा वर्षांपूर्वीचं? दोन्ही होऊ शकतं. मराठीत ‘सायकल असती तर’ याचंही तसंच. आपण संदर्भावरून समजून घेतो. इंग्रजीला ते चालत नाही. आजची खंत असेल तर ‘आय विश आय हॅड’. तेव्हाची असेल तर आणखी एक पायरी मागे, ‘आय विश आय हॅड हॅड’. दोनदा हॅड पाहून मुलं हसतात आणि एक खोडून टाकतात. खोडू नका, ते बरोबर आहे. ‘मी अभ्यास केला असता तर’ यासाठीही तेच माप : ‘आय विश आय हॅड स्टडीड’. खंत फार तीव्र असेल तर ‘आय विश’च्या जागी ‘इफ ओन्ली’ घालावं, पुढची रचना तीच राहते. ‘आय विश आय वॉज टॉलर’ बोलण्यात चालतं. परीक्षेत ‘वेअर’ लिहिलेलं बरं.

दुसऱ्याच्या सवयीवर चिडायचं असेल तर ‘वुड’ : ‘आय विश यू वुड लिसन’. अम्मींना हे वाक्य रोज उपयोगी पडेल! स्वतःबद्दल मात्र ‘आय विश आय वुड’ म्हणत नाहीत, तिथे ‘कुड’ येतं.

आणि ‘होप’? ‘आय विश आय विल पास’ हे चुकीचं आहे. पास होणं अजून शक्य आहे, म्हणून ‘आय होप आय विल पास’. जिथे आपण सहज ‘इन्शाअल्लाह’ म्हणतो, तिथे बहुतेक वेळा होपच हवं असतं. मदरशात थोडी अरबी नह्व शिकलेल्या मुलांना तर हा फरक आधीच माहीत असतो. जे घडणं अशक्य किंवा फार अवघड, त्या तमन्नेसाठी ‘लैत’. ज्याची उमेद आहे त्यासाठी ‘लअल्ल’. इंग्रजीच्या तासाला ही आठवण करून दिली की मुलांचे डोळे चमकतात. आपल्या घरातल्या भाषा इंग्रजीच्या आड येतात, असं पालकांना उगाच वाटतं.

शाळा अर्धवट सुटलेल्या कितीतरी आया मुलांचा अभ्यास घेताना म्हणतात, ‘मी शिकले असते तर.’ त्याचं इंग्रजी ‘आय विश आय हॅड स्टडीड’. ही गेलेल्या दिवसांची गोष्ट आहे, तिथे काही बदलत नाही. पण दहावी-बारावीला बाहेरून बसण्यासाठी आपल्या बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म असतो, आणि तो भरायला शाळेत रोज जाण्याची अट नाही. चौकशी जवळच्या हायस्कुलात करता येते. फॉर्म भरलेल्या बाईचं वाक्य ‘आय होप आय विल पास’ असं होतं, आणि तिथे ‘हॅड’ची गरज पडत नाही.