कानांनी शिकायचा संगणक

मैत्रिणींनो, संगणकाचं नाव काढलं की आपल्यापैकी कितीतरी जणी अजूनही दोन पावलं मागे सरतात. मीही त्यातलीच. बी.ए. झालेली, घरचं आवरून दुपारी शाळेत दोन-तीन तास घेणारी. पण गेल्या उन्हाळ्यात माझ्यापुढे एक पेच उभा राहिला.

इथे भातकुलीत आमच्या ओळखीच्या एक आजी नातवाला घेऊन आल्या. मुलगा जन्मापासून अंध, बारावी झालेला, गणितात हुशार. त्याला प्रोग्रामिंग शिकायचं होतं. एका क्लासात विचारलं, तर उत्तर मिळालं, ‘पडदाच दिसत नाही, तर शिकवायचं काय?’ आजी म्हणाल्या, “मॅडम, आता तुमीच सांगा, याले घरी बसवून ठिऊ काय?” पोरगा मान खाली घालून उभा होता. मला काही बोलवेना.

मग मी माहिती गोळा करू लागले. पहिली गोष्ट कळली ती ही, की प्रोग्राम म्हणजे चित्र नव्हे. पाककृतीसारख्या एकाखाली एक लिहिलेल्या सूचना असतात त्या. आणि पाककृती वाचून दाखवली तरी स्वयंपाक होतोच की!

दुसरी गोष्ट कळली पुण्याची. टी. व्ही. रामन यांची दृष्टी चौदाव्या वर्षी काचबिंदूने गेली. घरच्यांनी पुस्तकं वाचून दाखवली. पुण्यात गणिताची पदवी घेऊन ते मुंबईच्या आय.आय.टी.त संगणकशास्त्र शिकले, मग अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात गेले. गणिताची किचकट सूत्रं बोलून दाखवणारी योजना त्यांनी तिथल्या प्रबंधात मांडली आणि 1994 साली डॉक्टरेट मिळवली. 2005 पासून ते गूगलमध्ये गेले. हे ऐकून मुलाचा चेहरा असा उजळला म्हणता!

आता कामाचं सांगते. तुमच्या घरी किंवा शेजारी असं मूल असेल तर हे जपून ठेवा.

1. विंडोजच्या संगणकावर ‘एनव्हीडीए’ हे पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर घ्यावं. ते फुकट मिळतं, मराठीही बोलतं. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने 2006 साली ते सुरू केलं.

2. आधी टायपिंग पक्कं करावं. कीबोर्डवर एफ आणि जे या अक्षरांवर बारीक उंचवटे असतात. तर्जनी तिथे ठेवून बाकीची अक्षरं शोधावीत. वर-खालच्या बाणांनी ओळ ऐकू येते, डाव्या-उजव्या बाणांनी एकेक अक्षर. कंट्रोल दाबलं की बोलणं थांबतं.

3. पहिली भाषा पायथन घ्यावी. तीही फुकट आहे, आणि एनव्हीडीएचा मोठा भाग तिच्यातच लिहिलेला आहे. साध्या नोटपॅडमध्ये लिहिलं तरी चालतं.

4. पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या जागेला अर्थ असतो. म्हणून ती जागा आणि सगळी विरामचिन्हं बोलून दाखवण्याची सोय एनव्हीडीएमध्ये चालू करावी.

5. धडे लिखित मजकुराचे निवडावेत. ‘इथे क्लिक करा’ म्हणणारे व्हिडिओ आणि पानांचे फोटो उपयोगाचे नाहीत. रंगीत ठोकळे माऊसने ओढायचे खेळही बाजूला ठेवावेत. पुस्तकांसाठी केंद्र सरकारने 2016 साली सुरू केलेलं ‘सुगम्य पुस्तकालय’ आहे. क्वोरम नावाची भाषा तर अशा विद्यार्थ्यांचा विचार करूनच बनवलेली आहे.

आणि शेवटची सूचना आपल्यासाठी. दिवाळीच्या सुमारास मुलाने कापूस वेचणीच्या मजुरीचा हिशेब करणारा प्रोग्राम लिहिला. किलो आणि भाव घातला की रक्कम सांगणारा. चालवला, तर चूक आली. मी लगेच माऊस ओढला. त्याने माझा हात हळूच बाजूला केला. “राहू द्या मॅडम, मीच पायतो.” बाणाच्या कळीने एकेक अक्षर ऐकत गेला आणि एक कंस बंद करायचा राहिला होता तो त्याने शोधून काढला. संगणकाने रक्कम सांगितली. आजींनी बोटांवर मोजून पाहिली. बरोबर!

त्याची अडचण डोळ्यांची होती त्यापेक्षा आपल्या घाईची जास्त होती. तेव्हा मैत्रिणींनो, शेजारी जरूर बसा, हवं ते वाचून दाखवा. पण हात मात्र आपल्या मांडीवर ठेवा!