स्टुटगार्टहून : उमेदवारीचा कागद

स्टुटगार्ट, ऑक्टोबर 2025

महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी 2024मध्ये ज्या जर्मन राज्याशी दहा हजार कुशल तरुण पाठवण्याचा करार केला, ते बाडेन-वुर्टेम्बर्ग म्हणजे मी राहतो तो मुलूख. स्टुटगार्ट ही त्याची राजधानी. मुंबईशी तिचं भगिनी-शहराचं नातं 1968पासूनचं, पण वसई-विरारला हे नाव ऐकू आलं ते या करारानंतर. तेव्हापासून नालासोपाऱ्याहून, विरारहून, पापडीहून फोन येतात आणि विचारणा एकच असते, "आमच्या पोराला तिकडे घेतील का हो?" त्याचं उत्तर देतोच. पण इथली स्वतःची पोरं शाळेतून कामावर कशी जातात ते आधी सांगावं लागेल, कारण आपल्या पोराला याच दारातून आत यायचं आहे.

दहावी झालेला इथला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा कॉलेजच्या यादीत नाव शोधण्याऐवजी कंपनी शोधतो. निदान निम्म्या घरांत त्यात कमीपणा मानत नाहीत. शाळेत असतानाच, साधारण नववीत, त्याला एक-दोन आठवडे कुठल्या तरी दुकानात किंवा कारखान्यात पाठवलेलं असतं. त्यामुळे काय नको हे तरी कळलेलं असतं. मग अर्ज, मुलाखत आणि लेखी करार. करारावर मालकाची सही, मुलाची सही, अठराच्या आतला असेल तर आईवडिलांचीही. तो करार उद्योगांच्या किंवा कारागिरांच्या चेंबरकडे नोंदवला जातो. याला इथे आउसबिल्डुंग म्हणतात. आपल्या भाषेत उमेदवारी. असे मान्यताप्राप्त व्यवसाय सव्वातीनशेच्या आसपास आहेत. त्यात बेकर, खाटीक, न्हावी, छप्पर घालणारा, विमा कचेरीतला कारकून, दातांच्या डॉक्टरची मदतनीस, मशीनवरचा मेकॅनिक असे सगळे येतात. मुदत दोन ते साडेतीन वर्षं. आठवड्यातला एखाद-दुसरा दिवस व्यवसाय शाळेत आणि बाकीचे कामावर. शाळेचा दिवस कामाचाच धरतात, त्याचा पगार कापत नाहीत. सुरुवातीचे एक ते चार महिने पारखण्याचे. त्यानंतर गंभीर कारणाशिवाय मालकाला उमेदवार काढता येत नाही.

पगाराचा आकडा सगळेच विचारतात. 2025मध्ये सुरू झालेल्या उमेदवारीला पहिल्या वर्षी महिना किमान 682 युरो द्यावेच लागत. धातुउद्योगात युनियनच्या कराराने हजाराच्या वर, सरकारी रुग्णालयात नर्सिंग शिकणाऱ्यांना 1,400च्या आसपास. 682 युरोंचे रुपये सत्तर हजारांच्या घरात जातात आणि वसईत डोळे विस्फारतात. पण स्टुटगार्टमध्ये एका खोलीचं भाडं यातला मोठा वाटा खातं. इथल्या मुलाला ते परवडतं, कारण तो आईच्या घरी जेवतो. आपला पोरगा इथे आईकडे जेवायला जाणार नाही, हे हिशेबात धरा.

माझ्या मते या पद्धतीचा कणा पगारात नाही, परीक्षेत आहे. ज्या मालकाने शिकवलं तो एकटा शिक्का मारत नाही. चेंबरने नेमलेली समिती परीक्षा घेते आणि तिच्यात मालकांचा माणूस असतो, कामगारांचा असतो आणि व्यवसाय शाळेचा शिक्षक असतो. सुताराला स्वतः आराखडा काढून एक वस्तू पूर्ण करून दाखवावी लागते. नापास झाला तर आणखी दोन संधी. पूर्ण मुदतभर उमेदवार एक वही लिहितो. या आठवड्यात काय काम केलं, शाळेत काय शिकलो, एवढंच त्यात असतं; पण ती वही वेळोवेळी शिकवणाऱ्याच्या नजरेखालून जाते आणि वही नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. शिकवणाऱ्यालाही आपण शिकवायला लायक आहोत हे परीक्षा देऊन सिद्ध करावं लागतं. या सगळ्यामुळे खेड्यातल्या सहा माणसांच्या वर्कशॉपमध्ये शिकलेल्या मुलाचा कागद हाम्बुर्गमधला मालक शंका न घेता वाचतो.

आता वसई पूर्वेला या. वालीव, सातिवली, गोखिवरे, चिंचपाडा. तिथल्या गाळ्यांत उमेदवारी चालत नाही असं कोण म्हणेल? पोरगा हेल्पर म्हणून लागतो. पहिले काही महिने झाडलोट, माल उचलणं, चहा आणणं. मग एखादा जुना कारागीर त्याला लेथवर उभा करतो, साच्याला हात लावू देतो. चार-पाच वर्षांत तो असा तयार होतो की शेठ त्याच्यावर गाळा सोपवूनच सुट्टीवर जातो. शिक्षण झालं, पण नोंद कुठेच नाही. पगार वाढवून मागायला शेजारच्या गाळ्यात गेला की पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करा. हात तयार असूनही कागदावर तो "बारावी, अनुभव नाही" एवढाच उरतो.

कायदा आपल्याकडेही आहे, तोही 1961पासून. शिकाऊ उमेदवारांसाठी अखिल भारतीय परीक्षा आहे, प्रमाणपत्र आहे, महिना 5,000 ते 9,000 रुपयांचं किमान विद्यावेतनही 2019च्या नियमांत ठरलेलं आहे. पण उमेदवार घेण्याची सक्ती तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना. चार ते एकोणतीस माणसांच्या जागी ते ऐच्छिक. वसईचे बहुतेक गाळे याच ऐच्छिक रकान्यात बसतात आणि ऐच्छिक गोष्टीचं आपल्याकडे काय होतं ते सांगायला नको. 2024मध्ये आलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना बारावीला 6,000, आयटीआय-पदविकेला 8,000 आणि पदवीधरांना 10,000 रुपये देते. मुदत आधी सहा महिने होती, नंतर अकरा केली. घरात थोडा पैसा येतो, कचेरीची ओळख होते. पण हाती पडतो तो अनुभवाचा दाखला. बाहेरच्या परीक्षकाने काम तपासल्याचा पुरावा नव्हे. मी तिला उमेदवारी म्हणणार नाही.

कमवा आणि शिका ही कल्पना तर कर्मवीर भाऊराव पाटलांमुळे मराठी घरांत रुजलेलीच आहे. 1919मध्ये रयत शिक्षण संस्था निघाली आणि तिच्यातली मुलं शेतात, बांधकामावर राबून शिकली. तिथे कामाने शिक्षण पोसलं. जर्मनीत काम हाच अभ्यासक्रम असतो, आणि हा भेद वसईच्या गाळ्यांच्या जास्त उपयोगाचा आहे.

हे वाचून जर्मनी म्हणजे स्वर्ग असं वाटलं असेल, तर दुसरी बाजूही ऐका. इथे बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलं वेगवेगळ्या शाळांत वाटली जातात. दहाव्या वर्षी! शिक्षकांची शिफारस येते आणि हा विद्यापीठाच्या वाटेचा, तो कारागिरीच्या वाटेचा असं जवळजवळ ठरून जातं. नंतर वाट बदलता येते, पण ज्यांच्या घरी जर्मन बोलत नाहीत, त्या मुलांना ते जड जातं. मला हे कधीच पटलेलं नाही. शिवाय दर दहा करारांतले जवळजवळ तीन मुदतीआधीच मोडतात. वीस ते चौतीस वयोगटातल्या सुमारे 28 लाख लोकांकडे कुठलीच व्यावसायिक पात्रता नाही. आणि ज्या मोटार उद्योगावर हे राज्य उभं आहे, तो आज खोकतो आहे. बॉशने सप्टेंबर 2025मध्ये आणखी 13 हजार नोकऱ्या कमी करण्याचं जाहीर केलं, त्यांचा मोठा भाग याच परिसरातला. मोटारीच्या कारखान्याची स्वप्नं बघून कोणी येणार असेल तर थांबा. माणसं हवी आहेत ती रुग्णसेवेत, हॉटेलांत, बस-ट्रक चालवायला, विजेच्या आणि प्लंबिंगच्या कामाला.

शिकायला आलेले आपले विद्यार्थीही इथे कमी नाहीत. 2023-24च्या हिवाळी सत्रात भारतीय विद्यार्थ्यांची संख्या 49 हजारांवर गेली. वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करायची मुभा आहे आणि 2025मध्ये ताशी किमान 12.82 युरो मिळत होते. सुपरमार्केटच्या फळ्या लावून खर्च निघतो. पदवीनंतर मात्र अनेकांची गाडी जर्मन भाषेपाशी अडते.

तर "घेतील का?" याचं उत्तर : उमेदवारीसाठी घेतील, जर्मन भाषेची बी-1 पातळी असेल तर. ती दोन महिन्यांत येत नाही. शून्यापासून सुरू करून नियमित अभ्यास केला तरी बहुतेकांना वर्षभर लागतं. ज्याला दहावीत इंग्रजीने छळलं, त्याने आधी आपल्या सवयीचा विचार करावा.

आणि एजंटांबद्दल. आखाती देशांत नोकरीसाठी जाताना वसईने एजंटांच्या हातून जे भोगलं, ते जर्मनीच्या नावाने पुन्हा भोगू नये. आउसबिल्डुंगची जागा विकत मिळत नसते. इथे मालकच उमेदवाराला पैसे देतो. आपल्या 1983च्या स्थलांतर कायद्याखाली नोंदणीकृत भरती एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30 हजार रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. नोंदणी खरी आहे की नाही, हे केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येतं. एजंट लाखांत बोलू लागला, किंवा कंपनीचं नाव, व्यवसाय आणि पगार लिहिलेला करार दाखवायला टाळाटाळ करू लागला, की उठून या.

दहा हजार जागांच्या करारातून वसई-विरारच्या वाट्याला किती येतील? फार नाही. गाळ्यांत मात्र त्याहून अधिक पोरं आजच शिकत आहेत. म्हणून शेवटची विनंती गाळेवाल्या शेठ मंडळींना. चार माणसांचा गाळाही शिकाऊ उमेदवारासाठी नोंदणी करू शकतो आणि शिकाऊ उमेदवारीच्या राष्ट्रीय योजनेत विद्यावेतनाचा पाव हिस्सा, महिना 1,500 रुपयांपर्यंत, केंद्र सरकार देतं. तुमच्याकडे चार वर्षं राबलेल्या पोराची नोंदणी करा आणि त्याला एकदा परीक्षेला बसवा.