संघ हरतो, तिकीट चढतं

२०२४-२५च्या हंगामात मँचेस्टर युनायटेड हा फुटबॉल क्लब इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये चक्क १५व्या क्रमांकावर घसरला. त्याच हंगामात क्लबने पुढच्या वर्षीची सीझन तिकिटं, म्हणजे हंगामभराची तिकिटं, ५ टक्क्यांनी महाग केली. माल खालावला की भाव उतरतो, हा बाजाराचा नियम इथे का चालत नाही?

कारण मागणी ताठर आहे, म्हणजे भाव वाढला तरी ती फारशी घटत नाही. कांदा महागला की आपण कमी घेतो. पण युनायटेडचा चाहता रागावून प्रतिस्पर्धी मँचेस्टर सिटीकडे जात नाही. शिवाय सीझन तिकीट एकदा सोडलं की ती जागा दुसरा कोणीतरी घेतो, आणि शेजारी वर्षानुवर्षं बसणारी माणसंही सुटतात. खिशाला बसणाऱ्या चाटेपेक्षा हे गमावणं जास्त बोचतं, म्हणून चाहता पैसे भरतो. निष्ठेची अशी वसुली मला सरळ अन्याय वाटते.

ताठर मागणीही कधीतरी मोडते. २०१६मध्ये लिव्हरपूलने ७७ पौंडांचं तिकीट जाहीर केलं, तेव्हा संडरलंडविरुद्धच्या सामन्यात ७७व्या मिनिटाला हजारो चाहते अ‍ॅनफिल्ड या क्लबच्या मैदानातून उठून गेले. लिव्हरपूल तेव्हा २-० ने पुढे होता; सामना २-२ असा सुटला. काही दिवसांतच मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली.