जिवंत उत्प्रेरक

दुधात चमचाभर विरजण पडले की रात्रभरात दही लागते. ना आच, ना भट्टी, काम जिवाणूंचे. रासायनिक क्रियेला वेग देतो तो उत्प्रेरक. आम्हा डॉक्टरांना जिवाणू आठवतो तो रोगाच्या नावाने; पण तो जिवंत उत्प्रेरकही आहे.

१८९७ साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून गॅस करून दिवे लावले गेले. आज तुयेहून फार दूर नसलेल्या साळगावच्या प्रकल्पात ओल्या कचऱ्याच्या गॅसवर वीज होते. दोन्हीकडे जिवाणू निसर्गातलेच.

पुढची पायरी जिवाणू घडवण्याची. शेवानेला नावाचा जिवाणू श्वसनातले इलेक्ट्रॉन पेशीबाहेरच्या धातूला देतो. २०१० साली अमेरिकेत बर्कलीच्या शास्त्रज्ञांनी त्याची ही जनुके आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जातीच्या जिवाणूत घातली आणि तोही इलेक्ट्रॉन बाहेर देऊ लागला. अशा इलेक्ट्रॉनांपासून वीज किंवा हायड्रोजन मिळवता येतो.

मात्र जिवंत उत्प्रेरकाला अन्न लागते. तो मरतो, वाढतो, बदलतोही. म्हणून घडवलेला जिवाणू बंद टाकीतच हवा. आपल्या हातचे काम सोपे आहे : ओला कचरा वेगळा ठेवा. साळगावच्या टाकीतल्या जिवाणूंना भाजीची देठे पचतात, प्लॅस्टिकची पिशवी नाही.