मुळाक्षरे येतात, वाचन का अडते?

घाटकोपर, अंधेरी किंवा बोरिवलीच्या शाळेत मुळाक्षरे घडाघडा म्हणणारे मूल तिसरीत साध्या परिच्छेदापाशी अडखळते, तेव्हा त्याचे कारण मुलाच्या बुद्धीत नव्हे, तर लिपीच्या रचनेत आणि ती शिकवण्याच्या क्रमात शोधावे लागते. देवनागरीतील एक अक्षर बहुधा व्यंजन आणि स्वर मिळून झालेला उच्चार दाखवते. तो उच्चार फोडून त्यातील ध्वनी वेगळे ओळखता येणे, म्हणजेच ध्वनिजाणीव, ही वाचनाची खरी पूर्वतयारी होय. 'कि' लिहिताना वेलांटी आधी दिसते, पण उच्चारात 'इ' नंतर येते. एकटा 'र' 'सूर्य'मध्ये डोक्यावर रफार होतो, 'चक्र'मध्ये पोटात तिरकी रेघ होतो, 'राष्ट्र'मध्ये पायाशी बसतो आणि 'दुसऱ्या'मध्ये आणखी निराळे रूप घेतो. 'चहा'तील तालव्य आणि 'चमचा'तील दंततालव्य 'च' लिपीत सारखेच असल्याने, घरी गुजराती किंवा भोजपुरी बोलून मराठी शाळेत येणाऱ्या उपनगरी मुलाला हा भेद आधी कानाने कमवावा लागतो.

अशा मुलाने संपूर्ण बाराखडी पाठ होईपर्यंत शब्दांची वाट पाहावी, ही अट अन्यायकारकच आहे. अक्षरगट पद्धतीत 'क, म, र, ल' आणि एक काना एवढ्यावरच 'मका', 'काका', 'लाल', 'कमल' हे शब्द वाचता येतात, आणि चिन्हांतून अर्थ निघतो हे मुलाला पहिल्या आठवड्यांतच उमगते. गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये वाचन हा लिपी उलगडणे आणि भाषा समजणे यांचा गुणाकार मानला. बेरीज नव्हे, कारण यांपैकी एक शून्य असेल तर दुसरे कितीही असले तरी आकलन शून्यच राहते.

मागे पडलेल्या मुलांसाठी 'प्रथम' संस्थेने मुंबईच्या महापालिका शाळांत 'बालसखी' नेमल्या; वस्तीतीलच या तरुणी पंधरा-वीस मुलांना शाळेच्या वेळेत सुमारे दोन तास वेगळे बसवून भाषा आणि गणिताचा पाया पक्का करून घेत. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात मुंबई व बडोदा येथे या उपक्रमाची तपासणी केली असता गुणांत स्पष्ट वाढ आढळली, आणि ती मुख्यतः बालसखीकडे गेलेल्या मुलांची होती. गर्दी कमी होऊनही मूळ वर्गातच राहिलेल्या मुलांना, नेहमीचाच पाठ चालू असल्याने, तसा लाभ झाला नाही.