मधुमेही मुलांची शाळा

वैशाखांत नागपूरचा पारा ४५ अंशांना भिडतो तेव्हां काय स्थिति होते, हें वैदर्भीय वाचकांस सांगावयास नको. ज्या घरीं शीतपेटी नाहीं किंवा वीज भरवशाची नाहीं, तेथें एक युक्ति उपयोगी पडते. मोठ्या ओल्या मडक्यांत लहान मडकें ठेवावयाचें आणि त्यांत पाणी न भरतां इन्शुलिनची कुपी जपावयाची. ज्या घरांत असें मडकें असतें, त्या घरांतील मुलाचा जीव त्या कुपीवर अवलंबून असतो. आणि जिवाबरोबर त्याची शाळाही. त्या शाळेविषयीं आज चार शब्द लिहावे, असें आम्हांस वाटतें.

मधुमेह म्हटला कीं आजोबांचा बिनसाखरेचा चहा आपल्या डोळ्यांपुढें येतो. मुलांचा हा मधुमेह निराळा. शरीराची रोगांशीं झुंजणारी शक्तीच चुकून स्वादुपिंडांतील इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशींवर उलटते आणि त्यांचा नाश करते. तो गोड खाल्ल्यानें होत नाहीं, शेजारीं बसल्यानें जडत नाहीं, आणि आईच्या हयगयीनें तर नाहींच नाहीं. इन्शुलिनचा शोध लागण्यापूर्वीं अशा मुलास जवळजवळ उपाशी ठेवून त्याचे कांहीं दिवस वाढविणें, एवढेंच वैद्यांच्या हातीं होतें. ११ जानेवारी १९२२ रोजीं टोरोंटो येथें लिओनार्ड टॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलास इन्शुलिनची सुई प्रथम टोचली गेली. तें औषध पुरेसें शुद्ध नव्हतें. परंतु बारा दिवसांनीं दिलेलें औषध लागू पडलें आणि मुलगा सांवरला. तेव्हांपासून हा रोग काळ न राहतां जन्माचा सोबती झाला.

मात्र ही सोबत खर्चाची आहे. दिवसांतून तीन-चार वेळां सुई आणि बोटाच्या रक्ताची तपासणी, हा नेम एक दिवसही चुकवून चालत नाहीं. गरिबाच्या घरीं तो कसा चालावा? नागपूरचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. शरद पेंडसे यांनीं १९९५ सालीं ड्रीम ट्रस्ट ही संस्था स्थापिली ती याच प्रश्नाचें उत्तर म्हणून. गरीब घरांतील मधुमेही मुलांस विनामूल्य इन्शुलिन देण्याचें कार्य तिनें अंगीकारलें, आणि तेवढ्यावर न थांबतां त्यांच्या शिक्षणासही हात दिला. मूल जगलें, परंतु शिकलें नाहीं, तर मोठेपणीं औषधाचा खर्च तें कोठून करणार? हा विचार आम्हांस फार मोलाचा वाटतो.

तथापि इन्शुलिन विकत घेण्याची ऐपत असलेल्या आपल्या घरांत सर्व कांहीं ठीक चाललें आहे, असें कोणीं समजूं नये. आमच्या परिचयांतील एका सुशिक्षित कुटुंबांतील मुलगी सहावींत होती. गणिताच्या तासाला तिला घाम फुटला, हात कांपूं लागले, म्हणून तिनें दप्तरांतील खडीसाखर तोंडांत टाकली. बाईंनीं तो बेशिस्तपणा मानून तिला वर्गाबाहेर उभें केलें आणि ती तेथेंच कोसळली. बाईंवर राग येणें साहजिक आहे. परंतु पुढें कळलें तें असें कीं, आईवडिलांनीं शाळेस आजाराची गोष्टच सांगितली नव्हती. "मुलीची जात, उद्यां लग्नाच्या वेळीं बोभाटा नको," हें त्याचें कारण! मग बाईंनीं तरी काय ओळखावें? ज्या लग्नास अजून बारा वर्षें होतीं, त्यासाठीं आजचा जीव धोक्यांत घातला गेला.

वास्तविक शाळेनें करावयाचें तें फार थोडें आहे. रक्तांतील साखर ७० च्या खालीं गेली कीं घाम, कंप व गोंधळ हीं लक्षणें दिसतात. मूल शुद्धीवर असेल तर तीन चहाचे चमचे साखर द्यावी, पंधरा मिनिटें थांबून पुन्हां तपासावें. बेशुद्ध असेल तर तोंडांत कांहींही न घालतां तत्काळ डॉक्टर गांठावा. मुलाला एकटें सोडूं नये. त्यास वर्गांत खाण्याची, पाणी पिण्याची व लघवीस जाण्याची मुभा असावी, आणि सुई टोचण्यास स्वच्छ जागा असावी. खेळांतून मात्र त्याला वगळूं नये. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानें २०१७ पासून अशा मुलांस परीक्षेच्या दालनांत साखरेच्या गोळ्या, फळें व पाणी नेण्यास परवानगी दिली. जें परीक्षेंत चालतें, तें रोजच्या वर्गांत कां चालूं नये?

कायद्याची बाजू मात्र लंगडी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत २१ प्रकार मोजले आहेत. आपल्या विदर्भांत बहुसंख्य आढळणारा सिकलसेल, तसेंच थॅलेसेमिया व हिमोफिलिया यांस त्यांत स्थान मिळालें, हें योग्यच झालें. परंतु मुलांच्या मधुमेहाचें नांव त्या यादींत नाहीं. म्हणून या मुलांचा भार आज शिक्षकांच्या समजूतदारपणावर आणि पालकांच्या धैर्यावर पडतो.

शिक्षकांस शहाणें करून सोडतां येईल. पालकांस मात्र आमची हात जोडून विनंति आहे कीं, जूनमध्यें शाळा उघडतांच पहिल्या दिवशीं वर्गशिक्षकांस भेटा, एका कागदावर लक्षणें, उपाय व दूरध्वनीचा क्रमांक लिहून द्या, आणि मुलाच्या शेजारीं बसणाऱ्या मित्रासही सर्व समजावून सांगा. आजार लपवून मूल सुरक्षित होत नाहीं. तें एकटें मात्र पडतें.