लहान शस्त्रांची निर्यात आणि परराष्ट्रनीती

पिस्तूल, रायफल, हलकी मशीनगन इत्यादींना ‘लहान शस्त्रे’ म्हणतात. त्यांच्या निर्यातीस शासनाचा परवाना लागत असल्याने प्रत्येक सौद्याची नैतिक जबाबदारी शासनावरही येते.

२००२ मध्ये बेल्जियमने नेपाळला ५,५०० हलक्या मशीनगन विकण्यास मान्यता दिली. नेपाळात तेव्हा माओवादी बंड पेटलेले होते. तेथील लोकशाहीच्या रक्षणास साहाय्य करावे, अशी सरकारची भूमिका होती. तर सशस्त्र संघर्ष लांबवणारी निर्यात टाळावी, असे युरोपीय संघाची १९९८ ची आचारसंहिता सांगत होती. या वादात आरोग्यमंत्री माग्दा आल्व्हूत यांनी राजीनामा दिला.

शस्त्र सीमेपार गेल्यावर ते कोणावर रोखले जाईल, हे परवाना देणाऱ्याच्या हाती उरत नाही. म्हणून त्याचा विचार परवान्यापूर्वीच करावा लागतो.

स्वयंअध्ययन प्रश्न : वरील दोन भूमिकांपैकी आपणांस कोणती पटते? सकारण लिहा.